कळणे आणि वळणे

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याविषयी लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे आणि तो योग्यच आहे. दारात आकाशकंदील लागलेला असताना औषधाच्या बाटलीचे बूच कोणी उघडू नये. तरीही आज मी तो संकेत थोडासा मोडणार आहे. कारण ज्या दुखण्याविषयी मला लिहायचे आहे, ते दिवाळीच्या स्वयंपाकघरातच सर्वांत स्पष्ट दिसते.

फराळाच्या दिवसांत घरातल्या बायका परातीभोवती बसतात. बेसन भाजून झालेले असते, वेलदोड्याचा वास माजघरापर्यंत आलेला असतो, आणि एखादी वडीलधारी बाई मात्र परातीपासून जरा दूर, भिंतीला टेकून बसलेली असते. ती नुसती सांगत असते, "अगं, मूठ घट्ट दाब. नाही तर फुटेल तो." तूप किती, साखर किती, बेसन कोणत्या रंगावर उतरवायचे, सारे तिला ठाऊक असते. पण तिच्या हाताने लाडू वळला जात नाही. बोटे मुळाशी सुजलेली असतात, करंगळीच्या दिशेला कलंडलेली असतात, आणि मूठ अर्ध्यावरच थांबते.

'कळते पण वळत नाही' ही म्हण आपण आळशी किंवा हट्टी माणसाला ऐकवतो. या बाईला ती अक्षरशः लागू पडते, आणि तरीही तिच्यात तिचा काडीचाही दोष नसतो. दोष शोधायचाच असेल, तर तीच म्हण उचलून वैद्यकाच्या दारात नेऊन ठेवावी लागेल. तिच्या दुखण्याविषयी जगात कुणाला तरी, कुठे तरी, पुष्कळ काही कळलेले होते. ते कळलेले तिच्या बोटांपर्यंत का पोहोचले नाही? किंवा पोहोचले, तर इतक्या उशिरा का? या प्रश्नापाशी आलो, की तो प्रश्न केवळ औषधाचा राहत नाही. तो नीतीचा होतो. ज्याला कळले, त्याची जबाबदारी कुठे संपते?

मी डॉक्टर नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत मराठी शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. परंतु कळलेले दुसऱ्याच्या अंगात उतरते कसे, हा प्रश्न मास्तरालाही रोजच पडतो. म्हणून या दुखण्याची गोष्ट मला आपलीशी वाटते.

आपण ज्याला सरसकट 'संधिवात' म्हणतो, त्यात अनेक रोग एकत्र कोंबलेले असतात. वयोमानाने गुडघे झिजतात तो एक. पण वर सांगितलेल्या बाईचा रोग वेगळा. डॉक्टर त्याला ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे आमवात हे नाव रूढ आहे. शरीराचे रक्षण करण्यासाठी नेमलेले शिपाईच उलटतात आणि स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर हल्ला चढवतात. अस्तर सुजते, मग कूर्चा खाल्ली जाते, मग हाड. पहाटे उठल्यावर तास-दीड तास हातपाय आखडलेले राहतात. हा रोग शंभरात एखाद्यालाच होतो. पण पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने होतो, आणि पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात होतो. आपल्या आज्यांनी त्याला 'भोग' म्हटले आणि निर्गुडीचा पाला शेकायला घेतला. त्यांना हसण्याचे कारण नाही. त्या काळी मोठमोठ्या इस्पितळांतही याहून फार मोठे काही हाताशी नव्हते.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रोचेस्टर नावाचे गाव आहे. तेथील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. १९२९ साली त्यांच्याकडे पासष्ट वर्षांचा एक रुग्ण होता; तो स्वतःही डॉक्टरच होता. त्याने सहज सांगितले, की मला कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. दुसरा एखादा डॉक्टर 'योगायोग' म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळला असता. हेंच वळले नाहीत. त्यांनी असे आणखी रुग्ण शोधले; पुढे त्यांच्या ध्यानात आले, की गरोदरपणातही काही स्त्रियांचे सांधे असेच मोकळे होतात. म्हणजे शरीरातच असे काही तरी निर्माण होत असावे, जे या रोगाला आवर घालते. ते काय आहे हे ठाऊक नव्हते. रुग्णांना पित्त देऊन पाहिले, पित्ताचे क्षार देऊन पाहिले, कावीळ झालेल्या माणसाचे रक्तही देऊन पाहिले. काही साधले नाही.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गुरांच्या मूत्रपिंडांवरच्या चिमुकल्या ग्रंथींतून एकेक द्रव्य वेगळे करत बसले होते. त्यांतल्या एका द्रव्यावर दोघांचे लक्ष गेले. पण ते मिळायचे इतके थोडे, की एका रुग्णालाही पुरे पडू नये. पुढे मर्क कंपनीतल्या रसायनज्ञांनी ते गुरांच्या पित्तापासून, तीसहून अधिक पायऱ्या चढून, तयार केले. हेंच ज्या पित्तात औषध शोधत होते, तेथूनच शेवटी ते निराळ्या वाटेने आले.

१९४८ सालच्या सप्टेंबरच्या २१ तारखेला एकोणतीस वर्षांच्या एका स्त्रीला त्या द्रव्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. पाच वर्षांच्या दुखण्याने ती अंथरुणाला खिळल्यासारखी झाली होती. तीन-चार दिवसांत ती चालू लागली. सातव्या दिवशी ती गावात गेली आणि तीन तास दुकाने हिंडून खरेदी करून आली. द्रव्याचे नाव पडले कॉर्टिझोन. १९४९ च्या एप्रिलमध्ये रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या हालचालींची फिल्म डॉक्टरांना दाखवण्यात आली. आधी जिना चढताना कठडा धरून कण्हणारी माणसे, आणि नंतर तीच माणसे भराभर पायऱ्या चढताना. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधले राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या इंजेक्शनपासून पारितोषिकापर्यंत दोन-सव्वादोन वर्षे. इतक्या झटपट असा मान क्वचितच कोणाला मिळाला असेल.

येथे कादंबरी असती तर मी पूर्णविराम दिला असता. परंतु रुग्णाचे आयुष्य शेवटच्या प्रकरणापाशी थांबत नाही. औषध थांबवले की दुखणे परत येई, पुष्कळदा अधिक जोराने. थांबवले नाही तर चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल फुगे, पोटात व्रण होत, जंतूंशी झुंजण्याची ताकद कमी होई, काहींचे मन भ्रमिष्ट होई. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही, की सांधे मोकळे करणारे हे औषध हाडे आतून पोकळ करी. जी बाई जिना चढू लागली, तिचा मणका काही वर्षांनी नुसत्या वाकण्याने पिचे.

यात हेंच यांना दोषी धरावे काय? मला तसे वाटत नाही. हा रोग बरा करणारा उपाय नव्हे, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते. पण फिल्ममधल्या जिन्यावरून धावत उतरणाऱ्या माणसांपुढे त्यांचे शब्द कोण ऐकणार? वर्तमानपत्रे ऐकत नव्हती, रुग्ण ऐकत नव्हते, आणि रुग्णाचे कण्हणे रोज ऐकणारे डॉक्टरही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ही घाई लोभाची होती असे म्हणणे सोपे आहे. पुष्कळ अंशी ती करुणेची होती. दयेलाही धीर लागतो, ही गोष्ट आपल्याला सहसा कोणी शिकवत नाही. समोरचा माणूस तडफडत असताना 'थांबा, अजून पाहू' म्हणणारा आपल्याला निष्ठुर वाटतो. कधी कधी तोच अधिक दयाळू असतो. कारण तो आजच्या वेदनेबरोबर पाच वर्षांनंतरचीही वेदना मोजत असतो.

पण म्हणून हेंच यांनी ते इंजेक्शन दिलेच नसते तर? हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. तसे असते तर दम्यापासून मूत्रपिंडाच्या विकारांपर्यंत ज्या असंख्य माणसांचा जीव पुढे या जातीच्या औषधांनी वाचला, ती माणसे वाचली नसती. आजही हे औषध आमवातात देतात. पण थोड्या मात्रेत, शक्य तितक्या थोड्या दिवसांसाठी, दुसरे संथ औषध लागू पडेपर्यंतचा पूल म्हणून. हे प्रमाण कसे कळले? ज्यांची हाडे पिचली, त्यांच्यामुळे कळले. त्या लोकांनी आपल्या हाडांनी दिलेले हे शिक्षण आहे. तेव्हा 'द्यावे की देऊ नये' हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच 'दिल्यानंतर काय केले' हाही महत्त्वाचा. माझ्या मते खरी कसोटी येथेच लागते.

या कसोटीला उतरलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. तो औषधे शोधणारा नव्हता. हाडांचा शल्यवैद्य होता. आमवाताने किंवा झिजेने खुब्याचा सांधा पार गेला, की औषधाचा फारसा उपयोग राहत नाही; सांधाच बदलावा लागतो. इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन येथील इस्पितळात जॉन चार्नली हे काम करत. मांडीच्या हाडाला धातूचा छोटा गोळा आणि कमरेच्या खोबणीत गुळगुळीत वाटी, अशी त्यांची योजना. वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन निवडले. आज तव्यावर डोसा चिकटू नये म्हणून असते तेच. १९५८ पासून सुमारे तीनशे रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. रुग्ण काठी टाकून चालत घरी गेले. सगळीकडे आनंदीआनंद.

तीन-चार वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले. झिजेची पूड सभोवतालच्या मांसात जाऊन गाठी झाल्या, हाड खाल्ले गेले. चार्नलींनी काय केले? त्यांनी त्या रुग्णांना परत बोलावले. पुन्हा शस्त्रक्रिया करून त्या वाट्या काढल्या. टेफ्लॉनची पूड त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली आणि मासिकामागून मासिक तेथे काय होते ते पाहिले. त्याच मांडीत त्यांनी दुसऱ्या एका प्लॅस्टिकचीही पूड टोचली होती. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली. दुसरे प्लॅस्टिक निमूट राहिले. १९६३ साली त्यांनी ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून सर्वांना कळवली.

ते दुसरे प्लॅस्टिक कोठून आले, तेही ऐकण्याजोगे आहे. एका विक्रेत्याने मागाच्या चाकांसाठी वापरायचा एक तुकडा आणून दाखवला होता. चार्नलींनी त्यावर अंगठ्याचे नख दाबून पाहिले आणि ते निरुपयोगी ठरवले. त्यांच्या कार्यशाळेतल्या हॅरी क्रेव्हन नावाच्या कारागिराने मात्र, साहेब परगावी गेलेले असताना, तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवून ठेवला. तीन आठवड्यांत तो जेवढा झिजला, तेवढे टेफ्लॉन एका दिवसातच झिजत असे. परत आल्यावर चार्नलींनी आकडे पाहिले, आणि १९६२ च्या नोव्हेंबरपासून ती वाटी बसू लागली. आज जगभर खुब्याचे जे सांधे बदलले जातात, त्यांतले बहुतेक त्याच कुळातले आहेत.

पण मला या माणसाचे मोठेपण त्या शोधात तितकेसे दिसत नाही. ते त्याच्या पुढच्या वागण्यात दिसते. त्यांनी आपला सांधा कोणालाही विकत मिळू दिला नाही. ज्या शल्यवैद्याने राइटिंग्टनला येऊन शस्त्रक्रिया शिकून घेतली, त्यालाच तो मिळे. रुग्णांना ते सांगत, की तुमच्या मागे हा सांधा आम्हाला तपासायला परत द्या. आणि पुष्कळ रुग्णांनी तसे लिहून दिले. आपल्या मरणानंतर आपला खुबा दुसऱ्याच्या उपयोगी पडावा म्हणून सही करणारा लँकेशायरमधला साधा माणूस आणि तो खुबा हातात घेऊन झीज मोजणारा डॉक्टर, या दोघांत जो करार झाला, त्याला मी नीती म्हणतो. ज्याला कळले तो परत जाऊन पाहतो. ज्याने घेतले तो परत येऊन सांगतो.

घाईची गोष्ट झाली. आता दिरंगाईची. ती सांगताना मला आपल्याच देशातल्या एका माणसाचे नाव घ्यावे लागते.

आंध्रातल्या भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व कृत्रिम रीतीने तयार केले, आणि मग त्याच्याशी दावा मांडणारी, त्याची नक्कल करून पेशींना फसवणारी द्रव्येही तयार केली. त्यांतले एक द्रव्य वापरून १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांचा रोग, काही काळापुरता का होईना, मागे हटवून दाखवला. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. पुढे १९५१ साली रिचर्ड गुबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच द्रव्य अगदी थोड्या मात्रेत आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले, आणि रुग्णांचे सांधे उतरले. रुग्ण मोजकेच होते. पण निष्कर्ष छापला गेला होता. म्हणजे कळले होते.

मग काय झाले? विशेष काही झाले नाही. कॉर्टिझोनचा झगमगाट चालू होता. कर्करोगाचे औषध सांध्यांना कोण देणार, ही भीतीही होती. काही थोडे डॉक्टर त्या द्रव्याच्या मेथोट्रेक्सेट नावाच्या भावंडाचा वापर आपापल्या रुग्णांसाठी करत राहिले. त्याची नीट, तुलना करून घेतलेली चाचणी प्रसिद्ध व्हायला १९८५ साल उजाडले. आणि आमवातासाठी अमेरिकन सरकारची परवानगी मिळाली १९८८ साली. १९५१ ते १९८८. सदतीस वर्षे! एखादी मुलगी जन्मावी, तिचे लग्न व्हावे, तिला हा रोग व्हावा आणि तिची बोटे कायमची वाकडी व्हावीत, एवढा हा काळ. औषध महाग नव्हते, दुर्मिळ नव्हते. आज हेच औषध आमवातावरचा पहिला आधार मानले जाते, आणि त्याची गोळी स्वस्त आहे. त्या सदतीस वर्षांत वाकलेल्या बोटांचा हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा? हेंच यांच्या बाबतीत आपण बोट दाखवू शकतो, कारण त्यांनी काही केले. जे झालेच नाही, त्याला गुन्हेगार नसतो. घाईचे पाप दिसते. आळसाचे पाप दिसत नाही. म्हणूनच दुसरे पाप अधिक दिवस टिकते.

आणि औषध देशात, गावात, दुकानात आले म्हणजे ते पोहोचले असे समजू नये. शेवटचे दहा पाऊल अंतर सर्वांत अवघड असते. मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले, तर ते जिवावर बेतू शकते. आमच्या आळीत एक बाई आहेत, त्यांना मी काकू म्हणतो. शहरातल्या एका दवाखान्यातून त्या औषधे घेऊन आल्या होत्या. गावात मास्तर म्हणजे सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचणारा माणूस. काही दिवसांनी त्या चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मास्तर, जरा बघता का? तोंडात फोड आलेत, जेवण जात नाही. ही पिवळी गोळी गरम पडत असेल का हो मला?"

"काकू, ही गोळी तुम्ही कशी घेता?"

"कशी म्हणजे? बाकीच्यांसारखीच. रोज एक, जेवल्यावर."

चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असेच लिहिले होते. पण इंग्रजीत, घाईघाईत, आणि इतर चार गोळ्यांच्या रांगेत. त्या संध्याकाळीच आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. गोळी बंद झाली, रक्त तपासले, उतारा दिला, काकू बचावल्या. पुढे त्यांची गोळी पुन्हा सुरू झाली, ती मात्र फक्त रविवारी. मी कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल पेन्सिलीने गोल करून दिले आहेत; आणि मधल्या एका वारी हिरवा गोल, फॉलिक आम्लाच्या गोळीचा, औषधाचा त्रास कमी व्हावा म्हणून. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतली दोन भावंडे, एक जीवनसत्त्व आणि एक त्याचे वैरी, काकूंच्या भिंतीवर शेजारी शेजारी नांदत आहेत.

या प्रसंगाचा विचार करताना मला जाणवले, की भीमावरमपासून अमेरिकेपर्यंत आणि अमेरिकेहून आमच्या आळीपर्यंत इतका लांबचा प्रवास करून आलेले ज्ञान एका मराठी वाक्यासाठी उंबरठ्यावर अडकले होते. 'आठवड्यातून एकदाच, रविवारी' एवढेच ते वाक्य. ते लिहायला विद्वत्ता लागत नाही. समोरच्या माणसाला ते कळले की नाही, हे थांबून विचारण्याइतकी आस्था लागते. वर्गात धडा शिकवून झाला म्हणजे मास्तराचे काम संपले असे समजणारा मास्तर आणि चिठ्ठी लिहून झाली म्हणजे आपले काम संपले असे समजणारा डॉक्टर, दोघे एकाच माळेचे मणी.

अलीकडच्या काळातली एक गोष्ट सांगून हा हिशेब पुरा करतो. लंडनमधल्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी हे दोघे, सुजलेल्या सांध्यांचे अस्तर काचेच्या ताटलीत वाढवून, ही आग नेमकी कोण पेटवते याचा शोध घेत होते. अनेक द्रव्यांमध्ये त्यांना एक म्होरक्या सापडला. त्याला टीएनएफ म्हणतात. तो अडवला की बाकीचेही नरमतात. त्याला नेमके गाठणारे प्रतिद्रव्य १९९२ साली पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णांना देण्यात आले. ज्यांना कशानेच गुण येत नव्हता, अशांतले पुष्कळ जण उठून हिंडू लागले. यावेळी तुलनात्मक चाचण्या लवकर झाल्या. १९९९ साली औषधाला आमवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. काच-ताटलीपासून रुग्णापर्यंतची वाट इतकी सरळ क्वचितच कोणी चालून गेले असेल. २००३ साली दोघांना लास्कर पारितोषिक मिळाले.

आणि तरीही परतून पाहावेच लागले. २००१ साली एक अहवाल आला, की हे औषध घेतलेल्या सत्तर रुग्णांना क्षयरोग झाला. टीएनएफ हा केवळ खलनायक नव्हे. शरीरात दबा धरून बसलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणारा पहारेकरीही तोच. पहारा उठला, जंतू बाहेर पडले. ही गोष्ट चाचण्यांतून नीट दिसली नव्हती. ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी आपापले रुग्ण पाहून कळवले, म्हणून ती उघड झाली. तेव्हापासून हे औषध देण्याआधी क्षयासाठी तपासणी करतात. आपल्यासारख्या देशात, जिथे घरोघरी कोणाला तरी क्षय होऊन गेलेला असतो, त्या तपासणीचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण किमतीची. परदेशात या औषधाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या पुढे गेला. २०१४ साली आपल्याकडे याच जातीच्या एका औषधाची स्वस्त आवृत्ती निघाली. तरी शेतमजुराच्या घराला ती अजून स्वस्त नाही. कंपन्या म्हणतात, शोधाला पैसा लागतो. आणि ते खोटे नाही. पण ज्या रुग्णांनी पहिल्या चाचण्यांसाठी आपले अंग पुढे केले, त्यांनी त्याचे भाडे मागितले नव्हते, हेही खोटे नाही. ज्ञानाच्या भांडवलात त्यांचाही वाटा आहे. तो वाटा नफ्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, ही या व्यवहारातली खरी लबाडी.

मग ज्याला कळले, त्याची जबाबदारी कुठे संपते? कोणी म्हणेल, शास्त्रज्ञाचे काम जाणण्याचे. देणे हे डॉक्टरचे, विकणे दुकानदाराचे आणि घेणे रुग्णाचे. कामाची ही वाटणी मला मान्य आहे. एकटा माणूस ग्रंथीपासून गोळीपर्यंत सारे करू शकत नाही. परंतु काम वाटले म्हणजे काळजीही वाटली गेली, असे होत नाही. काळजी वाटली की ती कोणाचीच राहत नाही. प्रत्येकाने आपल्या हातून पुढे गेलेल्या वस्तूचे पुढे काय झाले, हे एकदा तरी मान वळवून पाहिले पाहिजे. चार्नलींनी ते केले. क्षय झालेल्यांची खबर देणाऱ्या डॉक्टरांनी ते केले. १९५१ सालचा निष्कर्ष वाचून पान उलटणाऱ्यांनी ते केले नाही.

आणि आपण? आपणही या साखळीतले आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी परातीपासून दूर बसलेले कोणी तरी असेल. 'वयच झालं आता' असे म्हणून आपण तिचे दुखणे पंचांगाच्या हवाली करतो. तिचे वय खरोखर झाले आहे, की ज्या रोगावर आज औषध आहे तो रोग तिला झाला आहे, हे तिने स्वतः विचारायचे नसते. ते आपण विचारायचे असते. सांधे सहा महिने सुजून राहिले तर हाड खाल्ले जाऊ लागते, आणि एकदा गेलेले हाड कोणतेही औषध परत आणत नाही. वेळेवर दाखवले तर आज पुष्कळांची मूठ वळती ठेवता येते.

पाडव्याला, भाऊबीजेला घरी माणसे जमतील. ओवाळणीच्या गडबडीत एकदा तिच्या शेजारी बसावे, तिचा हात आपल्या हातात घ्यावा आणि विचारावे, "सकाळी उठल्यावर किती वेळ आखडतात गं?" तिचे उत्तर पुरे होईपर्यंत उठू नये.